लॉग केबिन घेताय? आधी लाकडातलं पाणी बघा

नाशिकला गंगापूर धरणाच्या बाजूला नाहीतर त्र्यंबक रोडला प्लॉट घेतला की हल्ली बऱ्याच जणांना ओंडक्यांची केबिन बांधायची असते. मला स्वतःला लाकडाचं घर खूप आवडतं, म्हणूनच सांगतोय, पैसे द्यायच्या आधी लाकूड वाळतं कसं हे समजून घ्या.

लाकूड म्हणजे बारीक नळ्यांचा जुडगा. झाड तोडल्यावर आधी नळ्यांच्या पोकळीतलं पाणी जातं, तेव्हा लाकूड आकसत नाही. ओलावा, म्हणजे कोरड्या लाकडाच्या वजनाच्या मानानं पाणी, साधारण ३० टक्क्यांच्या खाली गेला की नळ्यांच्या भिंतींतलं पाणी निघायला लागतं आणि मग खरं आकसणं सुरू होतं, ते पण जाडीत, लांबीत जवळपास काहीच नाही. आता केबिनची भिंत बघा, ओंडके आडवे एकावर एक, म्हणजे सगळं आकसणं भिंतीच्या उंचीत. ओल्या ओंडक्यांची आठ फुटी भिंत सुकताना दोन-तीन इंच सहज खाली बसते, पण व्हरांड्याचे उभे खांब तेवढेच राहतात, मग छप्पर एका बाजूला उचललं जातं आणि खिडकीच्या काचेवर भार येतो. म्हणून चांगला कारागीर खिडकीच्या चौकटीवर मोकळी जागा सोडतो आणि खांबाखाली फिरवून कमी करता येईल असा स्क्रू जॅक बसवतो. या दोन गोष्टी दाखवा म्हणा, दाखवता आल्या नाहीत तर समजून जा.

वाळलेलं लाकूड पण शांत बसत नाही हां. हवेत ८० टक्के आर्द्रता टिकून राहिली तर ते साधारण १६ टक्के ओलाव्यावर स्थिरावतं, ३० टक्के असेल तर ६ च्या आसपास. आपल्याकडे मे मधली कोरडी दुपार आणि जुलैची झड, दोन्ही टोकं एकाच वर्षात. मी इगतपुरीजवळ एका केबिनमध्ये जुलैत राहिलो होतो, दार इतकं फुगलेलं की कडी भोकात बसेना, शेवटी खुर्ची लावून झोपलो. तिथंच मे मध्ये गेलो तर दोन ओंडक्यांच्या फटीतून बाहेरचा उजेड दिसत होता. त्यामुळे सीझन केलंय, म्हणजे नीट वाळवलंय, असं नुसतं ऐकू नका, लाकडातला ओलावा मोजायचा दोन पिनांचा मॉइश्चर मीटर मिळतो, तो घेऊनच वखारीत जा.

भेगांना घाबरू नका, त्या पडणारच, कारण लाकूड गाभ्याकडून सालीकडे जेवढं आकसतं, त्याच्या जवळजवळ दुप्पट वर्तुळांच्या दिशेनं आकसतं. फक्त वर तोंड असलेली भेग वाईट, तिच्यात पाणी साठतं, आणि ओलावा २० टक्क्यांच्या वर राहिला की बुरशीला रान मोकळं. इगतपुरी-त्र्यंबकच्या पावसात छपराची वळचण निदान दोन फूट तरी बाहेर हवी, पागोळ्या भिंतीवर नकोत.

जुन्या नाशकातले वाडे आठवा, सागाचा खांब थेट मातीत कधीच नाही, खाली दगडाचा तळखडा. तसंच दगडी जोतं केबिनला पण पाहिजे. सागाचा गाभा वाळवीला बऱ्यापैकी दाद देत नाही, पण बाहेरचा पांढरट भाग ती खातेच, आणि पाईन तर प्रक्रिया केल्याशिवाय घेऊच नका. तयार केबिन घेत असाल तर जोत्याच्या मागच्या बाजूला वाकून बघा. पेन्सिलीएवढी जाड मातीची रेघ वर चढलेली दिसली तर नखानं खरवडा, आत पांढरे किडे पळताना दिसले तर त्या दिवशी इसार देऊ नका.