शिरेत शिरलेला कॅन्सर आणि रोबोटचे हात

किडनीच्या कॅन्सरला एक वाईट खोड आहे, तो शिरेत शिरतो. किडनीच्या शिरेतून वाढत वाढत तो व्हेना कॅव्हामध्ये उतरतो, म्हणजे पाय आणि पोटाकडचं रक्त हृदयाकडे नेणारी ती जाडजूड शीर, आणि मग वर सरकत राहतो, कधी लिव्हरच्या मागपर्यंत, क्वचित थेट हृदयाच्या उजव्या कप्प्यात. साधारण ४ ते १० टक्के पेशंटमध्ये असं होतं.

आता ऐकायला भयंकर वाटतं, पण बऱ्याच वेळा ही गाठ शिरेच्या भिंतीला चिकटलेली नसते, नुसती आत लोंबत असते, त्यामुळे शीर उघडून अख्खी बाहेर काढता येते आणि कॅन्सर दुसरीकडे गेला नसेल तर पेशंट बरा व्हायची चांगली आशा असते. भीती एकच, काढताना तुकडा तुटला तर तो हृदयातून फुफ्फुसात जाऊन अडकतो आणि पेशंट टेबलवरच दगावू शकतो.

म्हणून सगळा खेळ क्रमाचा. आधी किडनीची धमनी बंद करायची. मग व्हेना कॅव्हाला गाठीच्या खाली एक, टोकाच्या वर एक आणि दुसऱ्या किडनीच्या शिरेला एक असे फास घालायचे, मागून येणाऱ्या बारीक लंबर शिरा क्लिप करायच्या (एक जरी राहिली तरी शीर उघडल्यावर तिथून रक्त येत राहतं आणि काही दिसत नाही). फास आवळायचे तेही खालचा आधी, वरचा शेवटी. मग चीर द्यायची, गाठ काढून लगेच पिशवीत, आतून हेपरिनच्या (रक्त गोठू न देणारं औषध) सलाईनने धुवायचं आणि प्रोलीनच्या बारीक धाग्याने शिवायचं.

हे सगळं पूर्वी पोटावर मोठा छेद घेऊनच व्हायचं. रोबोटने केलेल्या अशा काही ऑपरेशन्सचा पहिला एकत्रित अहवाल अमेरिकेतल्या रॉनी अबाझा यांनी २०११ मध्ये छापला. रोबोट स्वतःहून काही करत नाही हं, कन्सोलवर, म्हणजे रोबोट चालवायच्या टेबलाशी, सर्जनच बसलेला असतो, पण मोठं केलेलं थ्रीडी चित्र आणि मनगटासारखी वळणारी हत्यारं यामुळे शिरेच्या मागे जाऊन टाके घालणं जमतं. पोटात भरलेल्या गॅसच्या प्रेशरने शिरेतलं ब्लीडिंगही कमी होतं, अर्थात तोच गॅस उघड्या शिरेत घुसू शकतो, त्यामुळे भूलतज्ज्ञाचं लक्ष सतत मॉनिटरवर. बऱ्याच मशीनमध्ये हाताला स्पर्श कळत नाही, धागा किती ताणलाय ते नजरेनेच ओळखायचं.

माझ्या मते पेशंटने 'रोबोटने होईल का' याच्याआधी 'टोक कुठपर्यंत गेलंय' हे विचारावं. टोक लिव्हरच्या खालीच असेल तर अनुभवी टीमच्या हातात रोबोट छान चालतो, हृदयापर्यंत गेलं असेल तर बहुतेक ठिकाणी हार्ट-लंग मशीन लावून ओपनच करतात. आणि ही गाठ थांबून राहत नाही, म्हणून ऑपरेशनच्या तोंडावर ताजा स्कॅन मागतात, महिनाभर जुना असला तर परत काढायला लावतात, आणि टेबलवर घेतल्यावरही सोनोग्राफीच्या प्रोबने टोक तिथेच आहे ना हे बघून मगच वरचा फास कुठे घालायचा ते ठरतं.