पंचेचाळीसचा हिसका: जुने पोलादी पिस्तूल की नवे पॉलिमरचे?

नववीच्या विज्ञानात संवेग अक्षय्यतेचा सिद्धांत शिकवताना बंदुकीचे एक गणित हमखास येते. गोळीचे वस्तुमान इतके, वेग इतका, बंदुकीचे वस्तुमान इतके, तर बंदुकीचा प्रतिक्षेप वेग किती? हे गणित सोडवून पैकीच्या पैकी गुण मिळवलेली माणसेही पुढे चित्रपटात गोळी लागलेला खलनायक खिडकीची काच फोडून चार हात मागे उडताना पाहतात आणि त्यांना त्यात काही वावगे दिसत नाही. वास्तविक ज्या संवेगाने समोरचा माणूस उडायला हवा, जवळजवळ तेवढ्याच संवेगाने गोळी झाडणाराही मागे उडायला हवा.

या गणिताची आठवण होण्याचे कारण अमेरिकेत स्थायिक झालेल्या एका स्नेह्याचा प्रश्न. तिथे शूटिंग रेंजवर कागदी लक्ष्यावर मोठ्या कॅलिबरच्या पिस्तुलाने नेमबाजी करण्याचा छंद रूढ आहे आणि त्यांना ०.४५ इंच, म्हणजे ११.४३ मिलिमीटर कॅलिबरचे (नळीच्या आतल्या व्यासाचे) पिस्तूल निवडायचे होते. एका बाजूला अमेरिकी शस्त्ररचनाकार जॉन ब्राउनिंग यांनी घडवलेले, अमेरिकी लष्कराने २९ मार्च १९११ रोजी स्वीकारलेले आणि म्हणून 'नाइन्टीन इलेव्हन' याच नावाने ओळखले जाणारे पोलादी पिस्तूल. दुसऱ्या बाजूला १९९०च्या सुमारास आलेले, पॉलिमरच्या, म्हणजे मजबूत प्लॅस्टिकच्या, सांगाड्याचे ग्लॉक २१. स्नेह्यांचा कल नव्याकडे होता, कारण 'पॉलिमर हिसका', म्हणजे हाच प्रतिक्षेप, 'शोषून घेते' असे त्यांना दुकानात सांगण्यात आले होते.

आपल्याकडच्या वाचकांसाठी एवढे सांगायला हवे की ऑलिंपिकच्या धर्तीवरील नेमबाजीत हे कॅलिबर बसतच नाही. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार २५ मीटरच्या सेंटर फायर पिस्तूल प्रकारात कमाल मर्यादा ९.६५ मिलिमीटरची आहे, आणि कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक जिंकले ते ०.२२ इंची, म्हणजे जेमतेम ५.६ मिलिमीटरच्या पिस्तुलाने. अमेरिकेतील पारंपरिक 'बुल्सआय' स्पर्धेत मात्र पंचेचाळीससाठी स्वतंत्र फेरी असते.

आता गणित करू. पंचेचाळीसच्या लष्करी काडतुसातील गोळीचे वस्तुमान १४.९ ग्रॅम आणि नळीतून बाहेर पडतानाचा तिचा वेग सेकंदाला सुमारे २५० मीटर, म्हणजे ध्वनीच्या वेगापेक्षा बराच कमी. गोळीचा संवेग साधारण ३.७ किलोग्रॅम-मीटर प्रति सेकंद होतो. मागोमाग सुटणाऱ्या वायूंचा संवेग धरला तर एकूण ४.२च्या आसपास. सत्तर किलोच्या माणसात गोळीचा हा सगळा संवेग जिरला तरी त्याला मिळणारा वेग सेकंदाला पाच-साडेपाच सेंटिमीटर इतकाच असतो. या वेगाने काच फुटत नाही.

पिस्तूल मात्र हलके असते. भरलेल्या १९११चे वजन सव्वा किलोच्या आसपास, म्हणून त्याचा मुक्त (म्हणजे हाताने धरलेले नसताना येणारा) प्रतिक्षेप वेग सेकंदाला ३.४ मीटर आणि प्रतिक्षेपाची ऊर्जा सुमारे ७ ज्यूल येते. तेरा गोळ्यांनी भरलेले ग्लॉक २१ सुमारे १.०८ किलोचे, म्हणून तिथे ऊर्जा ८ ज्यूलच्या थोडी पुढे जाते. इथे एक गंमत सहसा ध्यानात येत नाही. एक काडतूस साधारण २१ ग्रॅमचे असते, त्यामुळे मॅगझिन रिकामे होत जाईल तसे पिस्तूल हलके होत जाते. ग्लॉकचे वजन शेवटच्या गोळीपर्यंत साडेआठशे ग्रॅमवर उतरते आणि त्या गोळीचा हिसका १० ज्यूल ओलांडतो. सात गोळ्यांच्या पोलादी पिस्तुलात हा फरक ७ ते ८ ज्यूल एवढाच राहतो. संवेग ही काही टिपकागदाने टिपून घ्यायची शाई नव्हे. पॉलिमर किंचित लवचिक असल्याने धक्का जरा जास्त वेळात पसरतो आणि हाताला मऊ भासतो, हे खरे. पण जेवढा संवेग हातात यायचा तेवढा येतोच. ग्लॉकच्या आधीच्या पॉलिमर पिस्तुलाबद्दल १९८०च्या दशकात अशीही आवई उठली होती की हे 'प्लॅस्टिकचे पिस्तूल' विमानतळावरील तपासणीतून निसटते. त्याची नळी आणि स्लाइड (नळीवरचा मागे-पुढे सरकणारा भाग) पोलादाचीच असतात आणि बहुतेक वजनही तिथेच असते, ही साधी गोष्ट आवई उठवणाऱ्यांनी तपासली नव्हती.

परंतु या पिस्तुलातील खरी सुंदर गोष्ट हिसका किती, ही नसून तो केव्हा पोहोचतो, ही आहे. ब्राउनिंग यांच्या रचनेत नळीच्या पाठीवर आडवे कंगोरे असतात आणि ते स्लाइडच्या आतील खाचांत अडकलेले असतात. गोळी सुटताच नळी आणि स्लाइड एकमेकींत गुंतलेल्या स्थितीत एकत्र मागे सरकू लागतात. नळीच्या बुडाशी असलेला छोटा झुलता दुवा थोड्या अंतरानंतर नळीचे मागचे टोक खाली ओढतो, कंगोरे खाचांतून सुटतात, नळी थांबते आणि एकटी स्लाइड पुढचा प्रवास करून रिकामे टरफल बाहेर फेकते. दाब ओसरण्यापूर्वी काडतुसाचा कप्पा उघडला तर टरफल फुटेल, म्हणून हा विलंब. गोळी बाहेर पडेपर्यंत स्लाइड किती सरकते, हे वस्तुमानमध्याच्या नियमाने काढता येते. बाहेरचे बल नगण्य असेल तर वस्तुमानमध्य हलत नाही. म्हणून दोघांनी कापलेली अंतरे त्यांच्या वस्तुमानांच्या व्यस्त प्रमाणात असतात. गोळी १४.९ ग्रॅम, नळी व स्लाइड मिळून अदमासे ४७० ग्रॅम, गोळीचा नळीतला प्रवास सुमारे ११ सेंटिमीटर. म्हणजे स्लाइडचा प्रवास तीन-साडेतीन मिलिमीटर. याला एक मिलिसेकंदही लागत नाही.

या अवधीत पिस्तुलाच्या सांगाड्याला, म्हणजे पर्यायाने हाताला, प्रामुख्याने स्प्रिंगचा आणि मागे ढकलल्या जाणाऱ्या घोड्याचाच (काडतुसावर आघात घडवणाऱ्या हातोडीचा) काय तो रेटा जाणवतो. स्लाइडने साठवलेल्या संवेगाचा मोठा भाग हाताला नंतर मिळतो, स्प्रिंग दबताना आणि शेवटी स्लाइड सांगाड्यावर आदळताना. आणि तोवर गोळी पुढे निघून गेलेली असते. रिव्हॉल्व्हरमध्ये, उदाहरणार्थ १८७३च्या कोल्टमध्ये, हा सरकता मध्यस्थच नसतो. तिथे सांगाडा पहिल्या क्षणापासून ढकलला जातो, गोळी नळीत असतानाच तोंड वर उचलू लागते आणि मुठीची पकड बदलली की नेमही बदलतो. नेमबाजीच्या दृष्टीने स्वयंभरणी पिस्तुलाचे हे मोठेच देणे आहे आणि ते जुन्या-नव्या दोघांतही सारखेच आहे. ग्लॉकमध्ये झुलत्या दुव्याच्या जागी तिरका उतार आला, कंगोऱ्यांऐवजी नळीचा चौकोनी बुंधा स्लाइडच्या खिडकीत अडकतो, एवढाच फरक. नळी तिरपी करून कुलूप उघडण्याची कल्पना ब्राउनिंग यांचीच.

याचा अर्थ, एकेक गोळी सावकाश झाडणाऱ्याच्या नेमाला हिसका फारसा बिघडवत नाही. बिघडवते ते बोट. १९११चा चाप सरळ मागे सरकतो आणि घोडा आधीच चढवलेला असल्याने चापाला फक्त तो सोडायचा असतो. नेमबाजीसाठी जुळवलेला असा चाप दीड-पावणेदोन किलोग्रॅम बलाने सुटतो. ग्लॉकच्या मूळ चापाला अडीच किलोच्या आसपास बल लागते, कारण तोच चाप आघातपिन ताणण्याचे उरलेले कामही पुरे करतो. आता हे बल रिकामे होत आलेल्या पिस्तुलाच्या वजनाशी ताडून पाहावे. पोलादी पिस्तुलात ते वजनाच्या दीडपट, पॉलिमरच्या पिस्तुलात जवळजवळ तिप्पट भरते. म्हणजे हलक्या वस्तूला अधिक जोराने ओढूनही तिला तसूभर हलू द्यायचे नाही, अशी ही कसरत. १९११वर माशी (नेम धरण्याचा पुढचा उंचवटा) आणि मागची खाच यांत सुमारे १६५ मिलिमीटर अंतर असते. माशी १ मिलिमीटर सरकली तर २५ मीटरवर गोळी १५ सेंटिमीटर चुकते.

दुसरा शत्रू मन. हिसक्याला आणि आवाजाला बिचकून हात चाप सुटण्याआधीच पिस्तूल खाली दाबतो. यावर तोडगा म्हणून मुठीला ताईत बांधणारे नेमबाज असतील तर असोत. 'नशिबाचे पिस्तूल' जपणारे तर सगळीकडेच भेटतात. खरा तोडगा हा की दुसऱ्या कोणी मॅगझिन भरावे आणि त्यात एखाददुसरे खोटे, बिनदारूचे काडतूस मिसळावे. ते आल्यावर चाप ओढला की आवाज होत नाही आणि पिस्तुलाचे तोंड खाली बुडालेले स्पष्ट दिसते.

म्हणून स्नेह्यांना लिहिले की कागदी लक्ष्य, एकेक गोळी आणि भरपूर सवड असेल तर जुने पोलादी पिस्तूल घ्यावे. भराभर पाच-सहा गोळ्या झाडण्याचा सराव करायचा असेल तर ग्लॉकच्या बाजूने एक खरा मुद्दा आहे: त्याची नळी मुठीच्या अधिक जवळ असल्याने हिसक्याची तरफ आखूड होते आणि तोंड कमी उसळते. शिवाय ते पुसण्या-तेलण्याचा कंटाळा असलेल्यांना अधिक सोसते. जुन्यातही नळी आणि तिच्या तोंडाशी असलेले बुशिंग, म्हणजे तिला धरणारे कडे, चांगले बसले आहे का, हे जाणत्याकडून पाहून घ्यावे, कारण प्रत्येक गोळीनंतर नळी नेमकी त्याच जागी परतली नाही तर चाप कितीही मऊ असून उपयोग नाही. विकत घेण्याआधी रेंजवर दोन्ही भाड्याने घेऊन, प्रत्येकी तीन-चार मॅगझिने खोटी काडतुसे मिसळून झाडावीत, आणि ज्याचे तोंड कमी वेळा बुडेल ते घ्यावे.