उन्हातल्या काँक्रीटवर इपॉक्सी: निवडीच्या नियमांमागचा इतिहास

इपॉक्सी, म्हणजे रेझिन व हार्डनर मिसळल्यावर घट्ट होणारे प्लास्टिक, काँक्रीटसाठी जन्मले नाही, आणि उन्हासाठी तर नाहीच. 1930 च्या दशकात स्विस रसायनशास्त्रज्ञ पिएर कास्तां दंतसाहित्य बनवणाऱ्या दे त्रे कंपनीत कवळ्यांसाठी न आकसणारे रेझिन शोधत होते. बिस्फिनॉल-ए आणि एपिक्लोरोहायड्रिन या दोन रसायनांपासून त्यांनी ते बनवले. कवळ्यांच्या धंद्यात ते रुजले नाही. हक्क बाझेलच्या सिबा कंपनीकडे गेले, आणि 1940 च्या दशकाच्या मध्यापासून आराल्डाइट या नावाने ते चिकटद्रव्य म्हणून व विजेच्या उपकरणांच्या ओतकामासाठी पुढे आले. त्याच दशकात अमेरिकेत सिल्व्हन ग्रीनली रंगउद्योगाच्या वाटेने याच रसायनापर्यंत पोहोचले.

काँक्रीटला हे रेझिन मानवले, त्याचे कारण काँक्रीटच्या स्वभावात आहे. ताजे काँक्रीट तीव्र अल्कधर्मी असते. जुन्या तेलरंगांतील व अल्कीडमधील (तेलापासून बनवलेल्या रंग-रेझिनमधील) एस्टर नावाचे रासायनिक बंध त्या अल्कलीने तुटतात, रंगाचा अक्षरशः साबण होतो आणि थर सुटतो. बिस्फिनॉल-ए इपॉक्सीत तसे एस्टर बंध नसतात. 1954 मध्ये कॅलिफोर्नियाच्या महामार्ग विभागाने रस्त्यावर मार्गिका दाखवणाऱ्या उंच खुणा चिकटवण्यासाठी इपॉक्सीकडे लक्ष वळवले. पाठोपाठ पुलांच्या डेकवर (गाड्या चालतात त्या पृष्ठभागावर) इपॉक्सी व वाळूचे पातळ थर आले.

खरे शिक्षण तिथे सुरू झाले. काँक्रीट एका अंश सेल्सियसला मीटरमागे साधारण 10 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) प्रसरण पावते, भराव नसलेले इपॉक्सी 50 ते 60 मायक्रॉन. दिवसा तापणाऱ्या आणि रात्री थंडावणाऱ्या पृष्ठभागावर हा फरक रोज चिकटीच्या रेषेवर ताण आणतो. कडक रेझिनचे जाड थर उचलले जात, आणि बरेचदा काँक्रीटची वरची खपली सोबत घेऊन येत. म्हणजे चिकट पक्की होती, हरले ते काँक्रीट. यावर दोन उपाय रूढ झाले: लवचीक रेझिन वापरणे, आणि वाळूचा भराव घालून प्रसरण कमी करणे. म्हणून उघड्यावर जाड थर हवा असेल तर निव्वळ रेझिन ओतू नये, कोरडी क्वार्ट्झ वाळू मिसळावी किंवा ओल्या थरावर भरपूर पेरावी. वाळूमुळे पावसात पायही घसरत नाही.

दुसरी अडचण उन्हाची. बिस्फिनॉल-ए मधील ॲरोमॅटिक (बेंझिनसारखी) वलये अतिनील किरणे शोषतात, साखळ्या तुटतात, थर पिवळा पडतो, चकाकी जाते आणि हात फिरवला की भुकटी लागते. हा दोष मालाच्या दर्जाचा नाही, रेणूचाच आहे. ‘यूव्ही प्रतिरोधक इपॉक्सी’ असे डब्यावर लिहिल्याने तो फक्त लांबतो. उपाय दुसऱ्या रसायनातून आला. ओटो बायर यांनी 1937 मध्ये पॉलियुरेथेनचा पाया घातला होता. पुढे ॲलिफॅटिक, म्हणजे अशी वलये नसलेले, आयसोसायनेट हार्डनर उपलब्ध झाले आणि न पिवळणारे दोन घटकी पॉलियुरेथेन टॉपकोट (सर्वांत वरचे थर) शक्य झाले. 1990 च्या दशकात त्याच कुळातले, झटपट सुकणारे पॉलिअस्पार्टिक आले. आजची खात्रीची रचना यातूनच घडली: खाली इपॉक्सी प्रायमर, मध्ये 200 ते 300 मायक्रॉनचा इपॉक्सी थर, वर 50 ते 75 मायक्रॉनचा ॲलिफॅटिक पॉलियुरेथेन. खरेदी करताना ‘ॲलिफॅटिक’ हा शब्द डेटाशीटमध्ये (उत्पादकाच्या माहितीपत्रकात) शोधावा, नुसते ‘पीयू’ (पॉलियुरेथेन) पुरेसे नाही.

डेटाशीटमध्ये आणखी एक आकडा पाहावा, जो बहुतेक जण वगळतात: काच-संक्रमण तापमान, म्हणजे ज्याच्या वर घट्ट झालेले रेझिन मऊ पडू लागते. साध्या तापमानाला घट्ट होणाऱ्या इपॉक्सीत ते बहुधा 45 ते 60 अंशांच्या आसपास असते. गडद रंगाचा पृष्ठभाग कडक उन्हात तिथवर सहज तापतो, थर मऊ होतो आणि गाडीच्या चाकांना चिकटून उचलला जातो. अशा जागी फिकट रंग घ्यावा.

तरी अपयशाचे सर्वांत मोठे कारण डब्यात नसते, पृष्ठभागात असते. काँक्रीटवर येणारी सिमेंटची कमकुवत साय तशीच ठेवली तर इपॉक्सी तिलाच चिकटते आणि तिच्यासह निघते. पूर्वी ॲसिडने धुण्याची पद्धत होती. धुणे अपुरे राहिले की क्षार मागे उरतात आणि काँक्रीट भिजते ते वेगळेच, त्यामुळे काम शॉट ब्लास्टिंग (वेगाने छर्रे मारून पृष्ठभाग खरवडणे) व ग्राइंडिंगकडे सरकले. खरबरीतपणाला भाषा मिळावी म्हणून इंटरनॅशनल काँक्रीट रिपेअर इन्स्टिट्यूटने 1990 च्या दशकात तुलनेसाठी क्रमांक दिलेल्या नमुना-पट्ट्या तयार केल्या; क्रमांक जितका मोठा, तितका पृष्ठभाग खरबरीत. पातळ थरांना 1 ते 3 क्रमांकाची रचना चालते, जाड थरांना 3 ते 5.

ओल तपासायला साधारण 450 मिलिमीटर चौरस प्लास्टिकचा तुकडा चारही कडा टेपने बंद करून किमान 16 तास ठेवतात; खाली थेंब किंवा काळपटपणा दिसला तर थांबावे. तुकड्यावर थेट ऊन नको, नाहीतर निकाल फसवा येतो. जमिनीवरच्या स्लॅबमध्ये खालून ओल चढत राहते. तिथे वाफ अडवणारा जाड थर फुगतो, म्हणून पाण्यावर आधारित, वाफ सोडणारी इपॉक्सी किंवा इपॉक्सी-सिमेंट प्रणाली घ्यावी. नवे काँक्रीट 28 दिवस तरी जुने असावे.

लावण्याची वेळही थराचे आयुष्य ठरवते. सकाळी काँक्रीट तापत असताना छिद्रांतील हवा प्रसरण पावून बाहेर येते आणि प्रायमरमध्ये टाचणीएवढी छिद्रे पाडते. दुपारनंतर, तापमान उतरू लागल्यावर लावलेला प्रायमर हीच हवा आकसताना आत ओढला जातो. मात्र पृष्ठभाग दवबिंदूपेक्षा (ज्या तापमानाला हवेतील वाफेचे दव होते त्यापेक्षा) किमान 3 अंश उष्ण असावा, रात्रीही. नाहीतर इपॉक्सीतला अमाइन हार्डनर हवेतील ओलावा व कार्बन डायऑक्साइडशी संयोग पावून वर चिकट, मेणचट पापुद्रा धरतो. तो दिसला तर पुढचा थर देण्याआधी कोमट पाण्याने धुऊन, वाळवून, हलके घासून घ्यावे. सॉल्व्हंटने पुसले तर तो फक्त पसरतो.