फाइल संपली, हे कळतं कधी?

लासलगावच्या बाजारातले कांद्याचे दर एका फाइलमध्ये आहेत असं समजा. एका ओळीत एक दर, क्विंटलमागे रुपयांत: १२००, १५००, १८००. नाशिकमधल्या इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्याला सी भाषेत यांची सरासरी काढायला सांगितली, की तो बहुतेकदा सीनियरच्या जर्नलमधला नमुना उचलतो: 'फाइल संपली नाही तोवर वाचत राहा.' वाक्य म्हणून यात काहीच खटकत नाही. कोडमध्ये ते व्हाइल लूपच्या, म्हणजे काम पुन्हा पुन्हा करवणाऱ्या रचनेच्या, कंसात 'एफईओएफ नाही' असं उतरतं. प्रोग्रॅम कंपाइल होतो, चालतो, आणि सरासरी १५०० ऐवजी १५७५ येते.

शेवटचा १८०० दोनदा मोजला गेलाय. एफईओएफ हे फंक्शन पुढे डोकावून बघत नाही. आधीच्या वाचनात फाइलचा शेवट लागला होता का, एवढंच ते सांगतं. १८०० वाचून झाल्यावर ओळ संपवणारं चिन्ह शिल्लक असतं, म्हणून उत्तर येतं 'नाही'. लूप आणखी एकदा फिरतो, फाइलमधून आकडा वाचणाऱ्या एफस्कॅनएफला काहीच मिळत नाही, पण व्हेरिएबलमध्ये जुना १८०० तसाच असतो आणि तोच पुन्हा बेरजेत जातो. शेवटच्या आकड्यानंतर एंटर दाबलेलं नसेल, तर मात्र याच कोडचं उत्तर बरोबर येतं! ही चूक वर्षानुवर्षं टिकून राहते ती यामुळे. एकाच्या फाइलवर चालतं, शेजारच्याच्या फाइलवर चुकतं, आणि बोल लागतो कंपायलरला. दराच्या जागी कोणी 'बंद' असं टाइप केलं असेल, तर हा लूप थांबतच नाही.

उपाय साधा आहे. किती आकडे वाचता आले, हे एफस्कॅनएफ स्वतःच परत सांगतं. ते उत्तर १ येतंय तोवरच लूप फिरवायचा. लूप थांबल्यावर मग एफईओएफला विचारायचं, की खरंच शेवट आला की मध्येच अडकलो? त्याची जागा तिथे आहे.

नमुना कोड तपासताना मी सगळ्यात आधी हेच बघतो: फंक्शनने परत दिलेल्या उत्तराचं पुढे काय केलंय? डेनिस रिची यांनी १९७२च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये घडवलेली ही भाषा चूक झाली की आपणहून थांबत नाही. ती फक्त उत्तर हातात ठेवते.

एफगेटसीचं उदाहरण तर फारच बोलकं आहे. ते एकेक बाइट वाचतं, पण परत देतं इंट, म्हणजे बाइटपेक्षा मोठा पूर्णांक. बाइटच्या ० ते २५५ या सगळ्या किमती वापरात असल्यामुळे 'फाइल संपली' ही खूण त्यांच्याबाहेरची लागते, ती साधारणपणे उणे १ असते. ते उत्तर एकाच बाइटच्या कॅर प्रकारात साठवलं, की नेहमीच्या इंटेल मशीनवर २५५ आणि उणे १ एकच होऊन बसतात. यूटीएफ-८ मधल्या मराठी मजकुरात २५५ हा बाइट कधीच येत नाही. 'नाशिक' या शब्दाचे १५ बाइट, असं कॅर वापरून फाइल कॉपी करणाऱ्या प्रोग्रॅमने बिनचूक कॉपी होतात. पण जेपेगचा पहिलाच बाइट २५५ असतो. गोदाघाटाचा फोटो कॉपी करायला गेलात, तर शून्य बाइटची फाइल हाती येते. एआरएम प्रोसेसरवरच्या लिनक्समध्ये उलटी तऱ्हा: तिथे कॅर ऋण होत नाही, म्हणून शेवट कधी सापडतच नाही आणि फाइल डिस्क भरेपर्यंत फुगत जाते.

फाइल उघडणाऱ्या एफओपनचं उत्तर नल, म्हणजे 'उघडता आली नाही', असं आलं का, हे तपासायला बहुतेक जण शिकलेले असतात. 'डब्ल्यू', म्हणजे लिहिण्याच्या, मोडमध्ये उघडताक्षणी जुना मजकूर पुसला जातो, हेही एकदा डेटा गेला की पक्कं लक्षात राहतं.

दुर्लक्ष होतं ते फाइल बंद करणाऱ्या एफक्लोजकडे. लिनक्सवर 'डेव्ह' फोल्डरमध्ये 'फुल' नावाची एक खास फाइल असते, ती कायम डिस्क भरल्याचंच सांगते. तिच्यात एफप्रिंटएफने एक ओळ लिहून बघा. किती अक्षरं लिहिली, तो आकडा व्यवस्थित परत येईल, कारण मजकूर अजून मेमरीतल्या बफरमध्ये, तात्पुरत्या साठ्यातच आहे. जागा नसल्याची बातमी पहिल्यांदा एफक्लोज देतं.