डायव्हिंग मास्कवर वाफ धरणे आणि त्याचा प्रतिबंध

स्कूबा डायव्हिंगच्या मास्कच्या काचेवर आतल्या बाजूने वाफ धरून दृष्टी धूसर होऊ नये, यासाठी डायव्हपूर्वी काचेवर केलेली प्रक्रिया आणि मास्क वापरताना पाळायची पथ्ये यांचा या नोंदीत विचार केला आहे. पाण्याखाली बोलता येत नसल्याने हातांच्या खुणा, हवेचा दाबमापक, खोली दाखवणारा डाइव्ह कॉम्प्युटर आणि सोबत्याची जागा हे सर्व डोळ्यांनीच टिपावे लागते. म्हणून धूसर झालेली काच ही केवळ गैरसोय समजणे चुकीचे आहे. नवख्या डायव्हरला त्यामुळे घाबरल्यासारखे होते, श्वास जलद होतो आणि सिलिंडरमधील हवाही लवकर संपते.

मास्कमध्ये डोळे आणि नाक यांभोवती हवेचा बंदिस्त कप्पा असतो. नाकातून निसटणारा उच्छ्वास, डोळ्यांतील ओलावा आणि चेहऱ्याचा घाम यांमुळे ही हवा लवकरच बाष्पाने जवळजवळ संपृक्त होते. एक घनमीटर हवेत ३५° से. तापमानाला सुमारे ४० ग्रॅम बाष्प मावते, तर २०° से.ला केवळ १७ ग्रॅम. बाहेरचे पाणी उष्णता झपाट्याने ओढून घेत असल्यामुळे काचेचे तापमान आतील हवेच्या दवबिंदूखाली, म्हणजे बाष्पाचे पाणी होऊ लागते त्या तापमानाखाली, जाते आणि जादा बाष्प काचेवर साचते. उबदार समुद्रातही पाणी शरीराहून थंडच असल्याने तेथेही हे टळत नाही. सिलिंडरमधील हवा अतिशय कोरडी असली, तरी ती रेग्युलेटरमधून (सिलिंडरमधील हवेचा दाब कमी करून ती श्वासासाठी देणाऱ्या उपकरणातून) थेट तोंडात जात असल्याने मास्कमधील ओलावा कमी करण्यास तिचा उपयोग होत नाही.

बाष्पाचे पाणी होणे थांबवता येत नाही. ते पाणी काचेवर कसे पसरावे, एवढेच आपल्या हाती असते, आणि वाफ रोखण्याचे जवळजवळ सर्व उपाय यावरच आधारलेले आहेत. काचेवर तेलकट थर असेल, तर पाण्याचे असंख्य सूक्ष्म थेंब उभे राहतात, प्रत्येक थेंब प्रकाश विखुरतो आणि काच पांढुरकी दिसते. स्वच्छ काच मात्र स्वभावतः जलस्नेही असते. तिच्यावर पडलेले पाणी सपाट, सलग पापुद्र्यासारखे पसरते आणि त्यातून आरपार दिसते. पृष्ठताण कमी करणारा पदार्थ काचेवर चोळला, तर हेच पसरणे आणखी सुलभ होते.

नवा मास्क विशेष त्रास देतो, कारण निर्मितीच्या वेळी सिलिकॉनचा अतिशय पातळ थर त्याच्या काचेवर बसलेला असतो. हा थर काढल्याखेरीज पुढचा कोणताही उपाय फार काळ टिकत नाही. त्यासाठी जेलसारखी नसलेली, साधी पांढरी टूथपेस्ट काचेच्या आतल्या बाजूस बोटाने किंवा मऊ कापडाने चांगली चोळून धुतात आणि गरज पडल्यास हे पुन्हा करतात. टूथपेस्टमधील सौम्य अपघर्षक कण थर खरवडतात, पण टेम्पर्ड (उष्णतेने कणखर केलेल्या) काचेला सहसा ओरखडे पाडत नाहीत. काही जण लायटरच्या ज्योतीने हा थर जाळतात. ही पद्धत परिणामकारक असली, तरी सिलिकॉनची कड वा प्लॅस्टिकची चौकट वितळण्याचा आणि काच तडकण्याचा धोका तिच्यात आहे, म्हणून टूथपेस्टने काम भागत असताना ज्योतीच्या वाटेला न जाणेच शहाणपणाचे. प्लॅस्टिकच्या भिंगांवर किंवा कारखान्यातच वाफरोधक लेप दिलेल्या काचांवर यांपैकी काहीही करू नये. निर्मात्याच्या सूचना पाळाव्यात.

प्रत्येक डायव्हपूर्वीचा सर्वांत जुना आणि आजही उपयोगी पडणारा उपाय म्हणजे थुंकी. तिच्यातील प्रथिने पाण्याचा पृष्ठताण कमी करतात. थुंकी कोरड्या काचेवर चोळून मास्क पाण्यातून एकदाच हलकेच विसळावा. ओल्या काचेवर चोळल्यास ती लगेच विरळ होते आणि जास्त धुतल्यास लेपच निघून जातो. पाण्यात पातळ केलेला लहान मुलांचा शाम्पू किंवा विकत मिळणारे वाफरोधक द्रावणही चालते. मात्र साबणाचा अंश डोळ्यांत गेल्यास चांगलीच आग होते: २००१ मध्ये अंतराळवीर क्रिस हॅडफील्ड यांना यानाबाहेर काम करताना काही काळ दिसेनासे झाले, त्याचे कारण त्यांच्या शिरस्त्राणाच्या काचेवरील वाफरोधक द्रावणच होते. अनेक जणांचे मास्क एकाच बादलीत विसळणे आरोग्याच्या दृष्टीने टाळावे.

मास्क घालण्याआधी चेहरा पाण्याने ओला करून थंड करावा आणि मास्क पाण्यात उतरण्याच्या बेतात असतानाच चढवावा. तो कपाळावर सरकवून ठेवल्यास घाम आणि सनस्क्रीनचे तेल काचेवर जाते. पाण्याखाली उच्छ्वास तोंडाने सोडावा, हे खरे. पण नाकाचा वापर पूर्णपणे टाळता येत नाही. १० मीटर खोलीवर दाब पृष्ठभागावरील दाबाच्या दुप्पट होतो, मास्कमधील हवा आकसते आणि नाकातून थोडी हवा आत सोडली नाही, तर मास्क चेहऱ्यावर ओढला जाऊन डोळ्यांतील सूक्ष्म रक्तवाहिन्या फुटू शकतात. नाक झाकणारा मास्क याचसाठी असतो, आणि वाफेच्या भीतीने दाब समान करणे कधीही टाळू नये.

तरीही वाफ धरलीच, तर मास्कची कड किंचित उचलून थोडे पाणी आत घ्यावे, मान खाली करून ते काचेवर फिरवावे आणि नंतर चौकटीची वरची बाजू दाबून, मान थोडी वर करून, नाकाने श्वास सोडत ते बाहेर काढावे. जुन्या तांब्याच्या काही शिरस्त्राणांवर याच कामासाठी एक छोटी तोटी असे. डायव्हर तिच्यातून तोंडात पाणी घेऊन ते काचेवर थुंकत असे. पूर्ण चेहरा झाकणाऱ्या आधुनिक मास्कमध्ये श्वासासाठी येणारी कोरडी हवा आधी काचेवरून खेळवली जाते, त्यामुळे तेथे वाफ बरीच कमी धरते.