वुडी गथ्री आणि पीट सीगर : गाणे रचणारा आणि गाऊन घेणारा

‘हम होंगे कामयाब’ म्हणत शाळेतून बाहेर पडलेल्या आपल्यापैकी अनेकांना, गिरिजाकुमार माथुर यांनी हिंदीत आणलेल्या या गीताचे मूळ, ‘वी शॅल ओव्हरकम’, अमेरिकेत आहे, हे बऱ्याच उशिरा कळते. त्या मुळाचा शोध घेऊ लागले की दोन नावे एकमेकांत मिसळतात : वुडी गथ्री आणि पीट सीगर. दोघेही अमेरिकी फोक गायक, दोघेही डाव्या विचारांचे, दोघेही काही काळ एकाच चमूत गायलेले, आणि दोघांच्याही वाद्यावर एकेक वाक्य लिहिलेले. त्यामुळे ‘धिस लँड इज युअर लँड’ सीगर यांच्या आणि ‘वी शॅल ओव्हरकम’ गथ्री यांच्या नावावर चढते. यांतले पहिले गीत गथ्री यांचे आहे. दुसरे या दोघांपैकी कोणीही मुळात रचलेले नाही.

आपला ‘लोकगायक’ हा शब्दही इथे थोडा फसवा ठरतो. लोकगीत म्हटले की आपल्याला जात्यावरची ओवी आठवते, जिचा कर्ता कोण हे विचारण्याचे कारण पडत नाही. अमेरिकेत मात्र जुन्या चालीवर स्वतःचे नवे शब्द बसवणाराही फोक गायकच म्हणवला जातो. गथ्री यांचे बरेचसे काम अशा प्रकारचे आहे. सीगर यांनीही गाणी रचली, पण त्यांचा खरा व्यवसाय, माझ्या मते, दुसऱ्यांची गाणी तिसऱ्यांच्या तोंडी बसवण्याचा होता.

गथ्री यांचा जन्म १९१२ सालचा, ओक्लाहोमा राज्यातल्या ओकीमा गावचा. ते जन्मतः गरीब होते असा समज आहे, तो बरोबर नाही. वडील जमिनींचे व्यवहार आणि स्थानिक राजकारण करणारे होते. घर बसले ते पुढे. आईला हंटिंग्टन हा मेंदूचा आनुवंशिक आजार होता आणि तिचा शेवट मनोरुग्णालयात झाला. तरुण गथ्री टेक्सासमधल्या पँपा गावी असताना १४ एप्रिल १९३५ रोजी तिथे धुळीचे ते काळेकुट्ट वादळ आले, ज्याने भर दिवसा अंधार केला. दुष्काळाने आणि धुळीने उठवलेली कुटुंबे कॅलिफोर्नियाकडे निघाली, त्या वाटेने गथ्रीही गेले आणि लॉस एंजलिसच्या एका रेडिओ केंद्रावर गाऊ लागले. १९४० साली आलेल्या ‘डस्ट बोल बॅलड्स’ या ध्वनिमुद्रिकांचे मूळ या अनुभवात आहे. त्यांचा लिहिण्याचा झपाटा विलक्षण होता. १९४१ साली कोलंबिया नदीवरच्या धरणांच्या प्रचारासाठी सरकारी वीज खात्याने त्यांना एक महिना नेमले, आणि त्या महिन्यात त्यांनी २६ गाणी दिली.

सीगर यांचे घर याच्या अगदी उलट होते. त्यांचा जन्म न्यू यॉर्कमध्ये १९१९ साली झाला. वडील चार्ल्स सीगर संगीतशास्त्रज्ञ, आई व्हायोलिनवादक. १९३६ साली नॉर्थ कॅरोलिनातल्या ॲशव्हिलच्या लोकसंगीत महोत्सवात त्यांनी पाच तारांचा बँजो ऐकला आणि त्याचा ध्यास घेतला. पुढे हार्वर्डचे शिक्षण त्यांनी अर्धवट सोडले. म्हणजे गथ्री ज्या जगातून आले, तिथे सीगर यांना मुद्दाम जावे लागले. असे मुद्दाम गेलेले लोक जरा जास्तच निष्ठावान होतात. सीगर आयुष्यभर तसेच राहिले.

दोघांची भेट ३ मार्च १९४० रोजी न्यू यॉर्कमध्ये, स्थलांतरित शेतमजुरांच्या मदतीसाठी भरलेल्या एका कार्यक्रमात झाली. पुढच्या वर्षी सीगर आणि त्यांच्या मित्रांनी ‘अल्मनॅक सिंगर्स’ हा चमू काढला, त्यात गथ्रीही सामील झाले. कामगार संघटनांच्या सभांत ही मंडळी गात असत आणि गाणी बहुधा चमूच्या नावावर जात असत. कोणते गाणे कोणाचे, हा घोळ इथेच सुरू झाला असावा.

वाद्यांकडे पाहिले तर मात्र दोघे चटकन वेगळे होतात. युद्धकाळात गथ्री यांच्या गिटारवर ‘हे यंत्र फॅसिस्टांना ठार करते’ अशा अर्थाचे वाक्य होते. सीगर यांच्या बँजोच्या कातड्यावर, कडेने गोलाकार, ‘हे यंत्र द्वेषाला वेढा घालते आणि त्याला शरण यायला लावते’ असे लिहिलेले असे. दुसरे वाक्य पहिल्याला दिलेला जबाबच आहे : एकात घाव आहे, दुसऱ्यात वेढा. शिवाय सीगर यांनी बँजोची मान तीन पडद्यांनी लांबवून घेतली होती, जेणेकरून स्वर खाली नेता यावा. छायाचित्रात लांब मानेचा बँजो दिसला तर ते सीगर समजावेत.

१९५० च्या दशकात दोघांच्या वाटा पूर्णपणे फुटल्या. १९५० साली सीगर यांच्या ‘वीव्हर्स’ या चमूचे ‘गुडनाइट आयरीन’ अमेरिकेत १३ आठवडे पहिल्या क्रमांकावर होते, आणि त्याच वर्षी त्यांचे नाव कम्युनिस्ट ठरवलेल्या कलावंतांच्या यादीत छापून आले. कार्यक्रम रद्द होऊ लागले. १८ ऑगस्ट १९५५ रोजी संसदेच्या चौकशी समितीपुढे त्यांना उभे केले गेले. अशा वेळी बहुतेक साक्षीदार, स्वतःविरुद्ध साक्ष न देण्याचा हक्क सांगणाऱ्या पाचव्या घटनादुरुस्तीचा आडोसा घेत. सीगर यांनी तो घेतला नाही. आपले विचार आणि आपले संबंध यांविषयी विचारण्याचा अधिकारच समितीला नाही, अशी भूमिका त्यांनी घेतली आणि गाण्यांविषयी मात्र बोलायची तयारी दाखवली. १९६१ साली त्यांना एक वर्षाची शिक्षा झाली. १९६२ साली अपिलात ती रद्द झाली.

याच काळात गथ्री यांच्या हातांवरचा ताबा सुटत चालला होता. १९५२ साली आईचाच आजार त्यांना असल्याचे निदान झाले. पुढची वर्षे रुग्णालयांत गेली. १९६१ साली १९ वर्षांचा गायक बॉब डिलन त्यांना भेटायला आला, तो अशा अवस्थेतल्या गथ्रींना. ३ ऑक्टोबर १९६७ रोजी ते वारले. सीगर त्यानंतर ४६ वर्षे जगले आणि मित्राची गाणी गात राहिले. नव्या पिढ्यांनी ती सीगर यांच्या आवाजात ऐकली, म्हणून ती सीगर यांचीच वाटली, यात नवल नाही.

‘वी शॅल ओव्हरकम’ची गोष्ट वेगळी आहे. कृष्णवर्णीयांच्या चर्चमधल्या गाण्यांतून आलेले हे गीत १९४५-४६ मध्ये चार्ल्स्टनच्या तंबाखू कारखान्यातल्या संपकरी कामगारांनी गायले. टेनेसीतल्या हायलँडर या कार्यकर्त्यांच्या शाळेत ते झिल्फिया हॉर्टन यांच्याकडे आले आणि त्यांच्याकडून सीगर यांच्याकडे. सीगर यांनी काही कडवी जोडली, गावोगाव शिकवले. १९६० नंतर नागरी हक्कांच्या चळवळीने ते आपलेसे केले, त्यात फोक गायक गाय कॅरावन यांचाही वाटा मोठा होता.

‘धिस लँड’चे हस्तलिखित मात्र शंकेला जागा ठेवत नाही. ‘गॉड ब्लेस अमेरिका’ हे देशभक्तीचे गाणे रेडिओवर सतत ऐकून वैतागलेल्या गथ्री यांनी २३ फेब्रुवारी १९४० रोजी न्यू यॉर्कच्या हॅनोव्हर हाउस या हॉटेलात ते लिहिले, आणि कागदाच्या तळाशी नोंद केली की, माणसाला दिसते तेवढेच लिहिता येते. त्यांना दिसले त्यात खाजगी मालकीची पाटी होती, जिच्या मागच्या बाजूला काहीच लिहिलेले नव्हते. मदत कार्यालयापुढे रांगेत उभे असलेले भुकेले लोकही होते. शाळाशाळांत पोहोचलेल्या गीतातून ही दोन कडवी गळाली. १८ जानेवारी २००९ रोजी, ओबामा यांच्या शपथविधीनिमित्त लिंकन स्मारकापुढे झालेल्या कार्यक्रमात ८९ वर्षांच्या सीगर यांनी रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीन यांच्यासोबत ती कडवी गायली. प्रत्येक ओळ ते आधी मोठ्याने सांगत होते, म्हणजे समोरच्या लाखोंच्या गर्दीला ती गाता यावी.