अमेरिकेतील राज्यांना केंद्राचा मदतनिधी कसा मिळतो : पात्रता, कागदपत्रे आणि खर्चाच्या अटी

कोरोनाकाळात अमेरिकेच्या केंद्र सरकारने राज्यांना दिलेल्या पैशाबद्दल बोलताना बहुतेक जण आकड्यावर थांबतात. पैसा हातात कसा पडला आणि तो खर्चताना कुठे अडलं, हा भाग मात्र मागे राहतो. ११ मार्च २०२१ रोजी तेव्हाचे अध्यक्ष जो बायडन यांनी 'अमेरिकन रेस्क्यू प्लॅन' कायद्यावर सही केली. १.९ लाख कोटी डॉलरच्या या कायद्यात राज्ये, काउंट्या (आपल्या जिल्ह्यांसारखे घटक), शहरे, आदिवासी शासने आणि पोर्तो रिकोसारखे प्रदेश यांच्यासाठी मिळून ३५० अब्ज डॉलर होते. ही खाली दिलेली माहिती त्या निधीची आहे. अर्ज तसा एका बैठकीत भरून होण्यासारखा होता. खरं काम पैसे खात्यात पडल्यावर सुरू झालं.

पात्रता कोणाची, वाटा किती?

पन्नास राज्ये आणि राजधानी वॉशिंग्टन डीसी यांच्यासाठी १९५.३ अब्ज डॉलर राखून ठेवले होते. यासाठी स्पर्धा नव्हती, प्रस्ताव मागवले नव्हते, गुणांकनही नव्हतं. वाटणी कायद्यातच ठरलेली होती. आधी प्रत्येकाला सरसकट ५० कोटी डॉलर आणि उरलेली बहुतेक रक्कम २०२० च्या अखेरच्या तीन महिन्यांत देशातल्या बेरोजगारांपैकी किती जण त्या राज्यात होते, त्या प्रमाणात. त्यामुळे सहा लाखांहून कमी वस्तीच्या वायोमिंगलाही एक अब्जाहून जास्त डॉलर मिळाले. कॅलिफोर्नियाला सुमारे २७ अब्ज, तर मराठी कुटुंबांची मोठी वस्ती असलेल्या न्यू जर्सीला सुमारे ६.२ अब्ज डॉलर आले. सरसकट रकमेमुळे लहान राज्यांचं दरडोई फावलं, हे उघड आहे. सिनेटमध्ये, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहात, लहान-मोठ्या प्रत्येक राज्याला दोनच जागा असल्या की असे हिशेब होणारच.

हे अनुदान होतं, कर्ज नव्हे. आपल्याकडे त्याच संकटात केंद्राने राज्यांना भांडवली कामांसाठी पन्नास वर्षांच्या मुदतीचं बिनव्याजी कर्ज दिलं. ते कधीतरी फेडायचं आहे. अमेरिकेतल्या राज्यांना नियमांत राहून खर्च केला तर काहीच फेडायचं नव्हतं.

अर्जाला काय लागलं?

केंद्राच्या ट्रेझरी (अर्थ) खात्याचं पोर्टल १० मे २०२१ रोजी उघडलं. राज्याने तिथे द्यायचं ते एवढंच : करदाता क्रमांक, केंद्राशी व्यवहार करणाऱ्या प्रत्येक संस्थेला लागणारा नोंदणी क्रमांक, अधिकृत प्रतिनिधीचं नाव आणि संपर्क, बँक खात्याचा तपशील, सही केलेल्या अटी-शर्ती आणि १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचं पालन करू, भेदभाव करणार नाही, असं हमीपत्र. शिवाय कायद्याने सांगितलेल्या कामांसाठी हा पैसा राज्याला हवा आहे आणि तो त्याच कामांवर खर्च होईल, असं प्रमाणपत्र. ते मिळाल्यावर साठ दिवसांत पैसे देणं ट्रेझरीवर बंधनकारक होतं.

ज्या राज्यात बेरोजगारीचा दर फेब्रुवारी २०२० च्या तुलनेत दोन टक्के-बिंदूंनी किंवा जास्त वर होता, त्याला सगळी रक्कम एकदम मिळाली. बाकीच्यांना दोन हप्ते, मध्ये साधारण वर्षाचं अंतर. पैसे आगाऊ आले आणि त्यावरचं व्याज राज्याने स्वतःकडे ठेवलं तरी चालत होतं. सरकारी अनुदानात अशी मोकळीक क्वचितच असते.

लहान गावांचा मार्ग वेगळा होता. साधारण पन्नास हजारांखालच्या नगरपालिकांनी ट्रेझरीकडे नव्हे, राज्याकडे अर्ज करायचा. त्यांच्या रकमेला २७ जानेवारी २०२० रोजीच्या अंदाजपत्रकाच्या ७५ टक्क्यांची मर्यादा होती, म्हणून ते अंदाजपत्रक जोडावं लागे. राज्याने पैसे आल्यापासून तीस दिवसांत ते पुढे पाठवायचे. वाटेत स्वतःच्या अटी घालायच्या नाहीत, जुनी थकबाकी वळती करायची नाही. एखाद्या गावाला पैसे नको असतील तर तसं लेखी कळवावं लागे आणि मग ती रक्कम राज्याकडे जाई.

राज्यात निर्णय कोणाचा?

हे ज्या त्या राज्याच्या कायद्यावर. अलाबामात २०२१ मध्ये विधिमंडळाचं विशेष अधिवेशन भरलं आणि ४० कोटी डॉलर तुरुंग बांधायला दिले गेले. विस्कॉन्सिनमध्ये केंद्राकडून आलेला पैसा वाटण्याचा अधिकार गव्हर्नरकडे, म्हणजे राज्याच्या निवडून आलेल्या प्रमुखाकडे आहे. तो स्वतःकडे घेण्याची विधेयके विधिमंडळाने आणली, गव्हर्नर टोनी एव्हर्स यांनी ती नाकारली.

कशावर खर्च करता येतो?

मूळ चार मार्ग : साथीचे आरोग्यावरचे आणि अर्थकारणावरचे परिणाम भरून काढणं, अत्यावश्यक सेवेतल्या कर्मचाऱ्यांना जादा वेतन (ताशी १३ डॉलरपर्यंत, एका व्यक्तीला एकूण २५ हजारांपर्यंत), पाणी-मलनिःसारण-ब्रॉडबँड, आणि बुडालेल्या महसुलाची भरपाई. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकी संसदेने (काँग्रेसने) नैसर्गिक आपत्ती, रस्ते-वाहतूक आणि वस्ती-विकासाच्या कामांची भर घातली.

यातली सगळ्यात रुंद वाट महसूल-भरपाईची. साथ आली नसती तर महसूल दरवर्षी किमान ५.२ टक्के वाढला असता, असं धरायचं आणि प्रत्यक्ष जमेशी तुलना करायची. जी तूट निघेल तेवढ्या रकमेतून जवळपास कुठलीही नेहमीची शासकीय सेवा चालवता येई. अलाबामाचे तुरुंग याच वाटेने गेले. हिशेब नको असेल तर, मिळालेल्या रकमेच्या मर्यादेत, एक कोटी डॉलरपर्यंत तूट सरसकट गृहीत धरण्याचीही मुभा होती. लहान नगरपालिकांना तर मिळालेली सगळी रक्कम अशीच दाखवता आली. नियमांची जाडजूड पुस्तिका वाचायची वेळच आली नाही.

तरी बंधनं होतीच. निवृत्तिवेतन निधीत एकरकमी भरणा, कर्जाची परतफेड आणि राखीव गंगाजळीत भर, या तिन्ही गोष्टी वर्ज्य. कर कमी करून त्याचं भोक या पैशाने बुजवायलाही बंदी होती. त्यावर वेस्ट व्हर्जिनियासह १३ राज्ये न्यायालयात गेली आणि २०२३ मध्ये अकराव्या सर्किटच्या (न्यायविभागाच्या) केंद्रीय अपील न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. अट इतकी मोघम आहे की काय कबूल केलं हे राज्याला कळणारच नाही, असा राज्यांचा मुद्दा होता.

मुदती आणि हिशेब

दोन तारखा वेगळ्या आहेत आणि त्यांची गल्लत होते. ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत पैसा 'बांधलेला' हवा होता, म्हणजे कंत्राट किंवा अनुदानाचा करार झालेला हवा. अंदाजपत्रकात नुसती तरतूद करून भागत नव्हतं. बांधला न गेलेला पैसा परत. बांधलेला बहुतेक पैसा प्रत्यक्ष खर्च करायची मुदत ३१ डिसेंबर २०२६.

राज्यांना दर तिमाहीला प्रकल्पनिहाय खर्चाचा अहवाल द्यावा लागतो, तिमाही संपल्यापासून महिनाभरात. शेवटच्या अहवालाची तारीख ३० एप्रिल २०२७. दहा लाख डॉलरहून मोठ्या बहुतेक बांधकामांना किंवा खरेदीला राज्याने लेखी समर्थन जोडायचं : हेच का, दुसरा स्वस्त पर्याय का नाही. महसूल-भरपाईच्या पैशाला ही अट लागत नाही, यावरून त्या वाटेची लोकप्रियता कळते. कागदपत्रे सगळा पैसा संपल्यानंतरही पाच वर्षे जपून ठेवायची आहेत.

याशिवाय राज्ये आणि अडीच लाखांहून मोठ्या शहरांना दर जुलैअखेर सविस्तर आराखडा-अहवाल स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवावा लागतो. अमेरिकेत राहणाऱ्यांनी आपल्या राज्याचा तो अहवाल उघडून पाहावा. त्यात आधी 'महसूल-भरपाई' या शीर्षाखालची रक्कम बघायची, मग बाकीचे प्रकल्प.